रग्बी लीगच्या देशादेशांतल्या सामन्यांना गर्दी कधी जमते, कधी पांगते?

ऑक्टोबर २०२५ मध्ये ब्रिस्बेनच्या सनकॉर्प स्टेडियमवर सामोआ आणि टोंगा यांच्यात रग्बी लीगचा सामना झाला. सामोआची लोकसंख्या दोन लाखांच्या आसपास, टोंगाची जेमतेम एक लाख. सामना दोघांपैकी कुणाच्याच देशात नव्हता, ऑस्ट्रेलियातल्या एका शहरात होता. तरी ४४ हजारांहून जास्त माणसं मैदानात आली.

त्याआधी तीन वर्षं, नोव्हेंबर २०२२ मध्ये, इंग्लंडमधल्या हडर्सफील्डला याच खेळाच्या विश्वचषकाची उपांत्यपूर्व लढत होती. एका बाजूला गतविजेता ऑस्ट्रेलिया, दुसऱ्या बाजूला लेबनॉन. मैदानात साधारण २४ हजार माणसं बसतात. आली ८ हजारांच्या आसपास.

विश्वचषकाची बाद फेरी, जगातला सगळ्यात बलाढ्य संघ, शिवाय हडर्सफील्ड हे तर या खेळाचं जन्मगाव. तरी दोन तृतीयांश खुर्च्या रिकाम्या. आणि तिकडे दोन छोट्या बेटांच्या लढतीला स्टेडियम भरायला आलेलं. असं का होतं, हे नीट उलगडून पाहण्यासारखं आहे. माझ्या मते त्याचं उत्तर खेळाच्या दर्जात फारसं सापडत नाही. हा संघ आपला आहे असं मनापासून वाटणारी माणसं त्या मैदानापासून किती अंतरावर राहतात, आणि सामन्याचा निकाल आधीच ठाऊक आहे की नाही, या दोन गोष्टींत ते जास्त सापडतं.

आधी खेळ थोडक्यात

आपल्याकडे रग्बी म्हटलं की न्यूझीलंडचे ऑल ब्लॅक्स आणि त्यांचा हाका, म्हणजे सामन्याआधीचा युद्धनाच, आठवतो. तो रग्बी युनियन, पंधरा-पंधरा खेळाडूंचा. रग्बी लीग हा त्याचा सख्खा भाऊ, तेरा-तेरा खेळाडूंचा. चेंडू हातात असलेल्या संघाला सहा टॅकल होईपर्यंत पुढे सरकायची संधी मिळते. खेळाडूला पाडलं की तो उठतो, टाचेने चेंडू मागे सरकवतो आणि खेळ पुढे चालू. सहाव्या टॅकलनंतर चेंडू समोरच्या संघाकडे. युनियनमध्ये चेंडूवर माणसांचा ढीग साचतो, लीगमध्ये तो जवळजवळ नाहीच. त्यामुळे खेळ वेगवान, मोकळा, आणि पहिल्यांदा बघणाऱ्यालाही दहा मिनिटांत कळणारा.

दोघा भावांची वाटणी १८९५ सालची. उत्तर इंग्लंडमधल्या क्लबांत खाणकामगार, गिरणी कामगार, गोदी कामगार खेळत. शनिवारी खेळायला गेलं की त्या दिवसाची मजुरी बुडायची. ती भरून द्यावी अशी क्लबांची मागणी होती. लंडनच्या बाजूची सुखवस्तू मंडळी म्हणाली, पैसे घेऊन खेळणं आम्हाला मान्य नाही. २९ ऑगस्ट १८९५ रोजी हडर्सफील्डच्या जॉर्ज हॉटेलात उत्तरेकडच्या क्लबांनी वेगळी चूल मांडली. १९०७ मध्ये सिडनीत तेच घडलं. पुढे न्यूझीलंडमध्ये ऑकलंड, फ्रान्समध्ये दक्षिणेकडचा पट्टा आणि पापुआ न्यू गिनी एवढ्या ठिकाणी हा खेळ खोलवर रुजला.

हा भूगोल लक्षात ठेवला तर पुढचं बरंच काही आपोआप समजतं. युनियन इंग्रजी साम्राज्याच्या शाळा-कॉलेजांतून, लष्करातून जगभर पसरला. लीगला ती वाट बंद होती. तो कामगारवस्त्यांचा खेळ राहिला, आणि कामगारवस्तीला आपल्या क्लबचा जेवढा अभिमान असतो तेवढा देशाच्या संघाचा असेलच असं नाही. विगन, सेंट हेलेन्स, लीड्स, हल, वॉरिंग्टन ही गावं एका मोटारवेच्या आजूबाजूला वसलेली. त्यातल्या घराघरात क्लबची जर्सी पिढ्यान्पिढ्या चालत आलेली असते. इंग्लंडची जर्सी त्यानंतर.

फ्रान्सची गोष्ट तर मनाला चटका लावणारी आहे. दुसऱ्या महायुद्धात, १९४१ मध्ये, जर्मनीधार्जिण्या विशी सरकारने तिथे रग्बी लीगवर बंदी घातली आणि संघटनेची मालमत्ता जप्त केली. युद्धानंतर खेळ पुन्हा उभा राहिला. १९५१ मध्ये पुइग ऑबेर या गोलमटोल, सिगारेटी ओढणाऱ्या फुलबॅकच्या संघाने ऑस्ट्रेलियात जाऊन मालिका जिंकली. लीगचा पहिला विश्वचषक १९५४ मध्ये भरला तोही फ्रान्समध्येच, आणि तो भरवायची कल्पनाही फ्रेंच संघटनेच्या अध्यक्षांची, पॉल बारिएर यांची. तुलूझमध्ये फ्रान्स आणि ग्रेट ब्रिटन यांचा सामना १३-१३ असा सुटला, तो पाहायला ३७ हजारांवर लोक होते. पॅरिसच्या अंतिम सामन्याला ३० हजारांवर. आज तिथे त्या आकड्यांच्या जवळपास जाणंही अवघड झालं आहे.

राज्यांची झुंज, देशांच्या वरचढ

ऑस्ट्रेलियात या खेळाचा सगळ्यात मोठा सामना कोणता, असं विचारलं तर उत्तरात दुसऱ्या देशाचं नावच येत नाही. न्यू साउथ वेल्स विरुद्ध क्वीन्सलँड, म्हणजे स्टेट ऑफ ओरिजिन. १९८० साली ब्रिस्बेनच्या लँग पार्कवर हा प्रकार सुरू झाला. खेळाडू कोणत्याही शहरातल्या क्लबला खेळत असो, या सामन्यात तो आपल्या मूळ राज्याकडून उतरतो. क्लबमधले सोबती त्या रात्री एकमेकांवर तुटून पडतात. २०१५ मध्ये मेलबर्न क्रिकेट ग्राउंडवर झालेल्या ओरिजिनला ९१,५१३ प्रेक्षक होते, आणि मेलबर्न तर दोन्हींपैकी कुठल्याच राज्यात नाही. आपल्याकडे मुंबई विरुद्ध कर्नाटक रणजी सामन्याची तिकिटं महिनाभर आधी संपावीत आणि भारताच्या कसोटीला स्टँड अर्धे रिकामे राहावेत, तसं हे आहे.

असं झालं याचं मुख्य कारण म्हणजे ऑस्ट्रेलिया फार जिंकला. १९७८ नंतर त्यांनी मालिका किंवा स्पर्धा गमावली ती थेट २००५ मध्ये, न्यूझीलंडकडून. आतापर्यंतच्या १६ विश्वचषकांपैकी १२ त्यांचे. जो संघ हरतच नाही, त्याचा सामना पाहायला पैसे मोजून कोण जाणार? चाहत्याला सर्वोत्तम खेळाडूंची खरी कसोटी पाहायची असते. ती ओरिजिनमध्ये मिळते, कारण तिथे ऑस्ट्रेलियाच ऑस्ट्रेलियाशी भिडतो.

खेळाडूंच्या शरीराचंही गणित आहे. ऑस्ट्रेलियातली क्लबांची स्पर्धा, एनआरएल, मार्चपासून ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंत चालते. पगार क्लब देतो. देशासाठीचे सामने उरतात ते मोसमाच्या शेपटाला, जेव्हा निम्मे खेळाडू शस्त्रक्रियेची तारीख ठरवत असतात. नोव्हेंबर २०१९ ते ऑक्टोबर २०२२ अशी जवळजवळ तीन वर्षं ऑस्ट्रेलियाचा पुरुष संघ एकही सामना खेळला नाही. महामारीचा काळ होता हे खरं. पण त्याच काळात एनआरएल चालू होतं, ओरिजिनही चालू होतं. जगज्जेता संघ तीन वर्षं घरी बसला आणि त्याची फारशी कुणाला रुखरुख लागली नाही, यातच सगळं आलं.

पूर्वी असं नव्हतं

ॲशेस म्हटलं की मराठी वाचकाला क्रिकेट आठवणार. पण रग्बी लीगचीही ॲशेस आहे, ग्रेट ब्रिटन आणि ऑस्ट्रेलिया यांच्यातली, आणि ती १९०८ पासूनची. ६ जून १९३२ रोजी सिडनी क्रिकेट ग्राउंडवर या मालिकेच्या कसोटीला ७०,२०४ माणसं आली होती. महामंदीचे दिवस, हाताला काम नाही, तरी ७० हजार. त्याच वर्षाच्या अखेरीस क्रिकेटची कुप्रसिद्ध बॉडीलाइन मालिका सुरू झाली. इंग्लंडच्या माणसांना आपल्या मैदानावर धूळ चारायची, ही त्या काळच्या सामान्य ऑस्ट्रेलियन माणसाची भूक होती, खेळ कुठलाही असो. बोटीने महिनाभर प्रवास करून येणारा पाहुणा संघ, चार वर्षांतून एकदा. त्यात नवलाई होती, वाट पाहणं होतं.

देशादेशांतल्या सामन्याचा तो गर्दीचा विक्रम ६० वर्षं टिकला. मोडला तो लंडनच्या वेम्बलीवर, १९९२ च्या विश्वचषक अंतिम सामन्यात. प्रेक्षक ७३,६३१. ऑस्ट्रेलिया १०, ग्रेट ब्रिटन ६. पूर्ण सामन्यात एकच ट्राय झाला, म्हणजे चेंडू समोरच्यांच्या गोलरेषेपलीकडे टेकवला गेला, स्टीव्ह रेनुफचा. इतका चुरशीचा आणि इतका चिवट सामना की आजही उत्तर इंग्लंडमधली जुनी मंडळी त्या एका ट्रायवर बोलायला लागली की थांबत नाहीत.

ते ७३ हजार अचानक उगवले नव्हते. १९८६ मध्ये मँचेस्टरच्या ओल्ड ट्रॅफर्ड या फुटबॉलच्या मैदानावर ऑस्ट्रेलियाविरुद्धच्या कसोटीला ५० हजार लोक होते. १९९० मध्ये वेम्बलीवर ५४ हजार, आणि त्या दिवशी ब्रिटन १९-१२ ने जिंकला. हा सामना आपणही जिंकू शकतो अशी आशा पेटली, म्हणून दोन वर्षांनी ७३ हजार आले. पुन्हा १९९४ मध्ये ५७ हजार आले, आणि ब्रिटनने ८-४ अशी बाजी मारली. एका सामन्याने पुढच्या सामन्याची तिकिटं विकली. गर्दी अशीच वाढते. एकाच्या पाठीवर दुसरा, ठरलेल्या क्रमाने, प्रत्येक वेळी थोडी आशा शिल्लक ठेवत.

नंतर तो धागा तुटला. २००३ ची ॲशेस ऑस्ट्रेलियाने ३-० ने जिंकली आणि पुढची २०२५ पर्यंत झालीच नाही. २०२० ची ठरली होती, ती महामारीत गेली. म्हणजे बावीस वर्षं. २००३ मध्ये बापाचा हात धरून आलेला दहा वर्षांचा मुलगा पुढच्या मालिकेला स्वतःच्या मुलाचा हात धरून येण्याच्या वयाचा झाला. मधल्या काळात चौरंगी मालिका झाल्या, काहींना चांगली गर्दीही होती. २०१६ मध्ये लिव्हरपूलच्या ॲनफील्डवर ४० हजार होते. पण स्पर्धेचं नाव, तिचा आराखडा, कोण खेळणार, कुठे खेळणार, सगळं दर दोन-तीन वर्षांनी बदलत राहिलं. पुढच्या वर्षीचं ठरवायला चाहत्याच्या हातात काही उरलं नाही.

२००० सालचा धडा

२००० सालच्या विश्वचषकात १६ संघ होते. हेतू चांगला होता, जगभर खेळ पोचवायचा. सामने इंग्लंडसह वेल्स, स्कॉटलंड, आयर्लंड आणि फ्रान्समध्ये विखुरले. सुरुवात झाली २८ ऑक्टोबरला. त्याच्या दहा-बारा दिवस आधी हॅटफील्डला रेल्वेचा मोठा अपघात झाला होता, आणि त्यानंतर देशभरच्या गाड्या धीम्या चालवल्या जात होत्या. वर पावसाने झोडपून काढलं, ठिकठिकाणी पूर. ट्विकनहॅमवर इंग्लंड-ऑस्ट्रेलिया या सलामीच्या सामन्याला ३३ हजार आले. युनियनचं ते घर ७० हजारांहून मोठं, त्यात हे ३३ हजार विखुरलेले दिसत होते.

पण पाऊस आणि रेल्वे यांनाच दोष देणं मला पटत नाही. हल शहरात ऑस्ट्रेलिया विरुद्ध रशिया सामना झाला. निकाल ११०-४. प्रेक्षक ३,०४४. हल हे लीगवेडं शहर, तिथे क्लबच्या साध्या सामन्यालाही याच्या दुप्पट माणसं यायची. त्यांना निकाल आधीच ठाऊक होता, म्हणून ते आले नाहीत. स्पर्धा तोट्यात गेली आणि पुढचा विश्वचषक व्हायला आठ वर्षं लागली. संघांची संख्या वाढवली की स्पर्धा मोठी होते हा समज त्या मोसमाने खोडून काढला.

टोंगाने काय बदललं

आता या गोष्टीतला सगळ्यात आनंदाचा भाग.

टोंगा, सामोआ, फिजी, कुक बेटं इथून माणसं गेल्या साठ-सत्तर वर्षांत कामासाठी ऑकलंड, सिडनी, ब्रिस्बेनला आली. कारखान्यांत, बांधकामावर, गोदामांत राबली. त्यांची मुलं धिप्पाड, चपळ, आणि लीगच्या मैदानावर लहानपणापासून वाढलेली. एनआरएलमधल्या खेळाडूंमध्ये पॅसिफिक वंशाच्या मुलांचा वाटा प्रचंड आहे. पण त्यांच्यातला सर्वोत्तम खेळाडू आधी न्यूझीलंड किंवा ऑस्ट्रेलियाच्या संघात जायचा. तिथे मान होता, पैसा होता. आजी-आजोबांच्या देशाला उरलेसुरले मिळायचे.

नियम हळूहळू सैल झाले. ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, इंग्लंड हे पहिल्या फळीतले देश आणि बाकीचे दुसऱ्या फळीतले, अशी विभागणी झाली. खेळाडूचा वारसा असेल तर त्याला पहिल्या फळीतून दुसऱ्या फळीत जायची मुभा मिळाली, आणि दुसऱ्या फळीतल्या देशाकडून खेळूनही ओरिजिन खेळता येऊ लागलं. कागदावरची ही एक छोटी तरतूद होती. तिचा खरा अर्थ २०१७ च्या विश्वचषकाआधी कळला, जेव्हा जेसन टाउमालोलो न्यूझीलंड सोडून टोंगाकडे गेला. आदल्याच वर्षी तो संयुक्तपणे एनआरएलचा सर्वोत्तम खेळाडू ठरला होता. अँड्र्यू फिफिटाने ऑस्ट्रेलियाच्या संघावर पाणी सोडलं. आणखी काही जण त्यांच्यामागे गेले. पैशाच्या हिशेबात हा वेडेपणा होता. आईवडिलांच्या गावासाठी तो केला गेला.

त्यानंतर दक्षिण ऑकलंडमध्ये जे झालं ते पाहिलेलं माणूस विसरत नाही. ओटाहुहू, मांगेरे या वस्त्यांतले रस्ते लाल झाले. गाड्यांच्या टपांवर माणसं, खिडक्यांतून फडकणारे चादरीएवढे झेंडे, लहान मुलांच्या गालांवर लाल-पांढरा रंग. साखळी सामन्यात हॅमिल्टनला टोंगाने न्यूझीलंडला २८-२२ असं हरवलं, तेही मध्यंतराला बरंच मागे असताना. सामन्याआधी न्यूझीलंडचा हाका सुरू असतानाच टोंगाने आपला सिपी ताउ हा युद्धनाच सुरू केला. दोन्ही संघ एकमेकांच्या डोळ्यात डोळे घालून एकाच वेळी नाचत होते, आणि स्टँडचा आवाज टीव्हीवरच्या समालोचकांना गिळून टाकत होता.

उपांत्य सामना ऑकलंडच्या माउंट स्मार्टवर, इंग्लंडविरुद्ध. प्रेक्षक ३०,००३. मैदान काठोकाठ, आणि बहुतेक सगळं लाल. टोंगाची माणसं चर्चमधली स्तोत्रं गातात, चार आवाजांत, वाद्यांशिवाय, जशी रविवारी गातात तशीच. शेवटची सात-आठ मिनिटं उरली तेव्हा इंग्लंड २०-० ने पुढे होता. एरवी अशा वेळी माणसं पार्किंगकडे निघतात. इथे कुणी हललं नाही. टोंगाने एक ट्राय केला, मग दुसरा, मग तिसरा. २०-१८. अखेरच्या क्षणी फिफिटा रेषेकडे झेपावला, मागून इंग्लंडच्या खेळाडूचा हात लागला, चेंडू निसटला. चेंडू पुढे पडला असं म्हणत पंचांनी शिट्टी वाजवली आणि सामना संपला. तो निर्णय तपासून पाहायला हवा होता म्हणून पुढचे कित्येक दिवस ऑकलंडमध्ये मोर्चे निघाले, हजारो सह्यांची निवेदनं फिरली. हरलेल्या सामन्यासाठी रस्त्यावर उतरणारी माणसं हीच या खेळाची खरी कमाई आहे.

न्यूझीलंडच्या २०१८ च्या जनगणनेत टोंगन वंशाची ८० हजारांहून अधिक माणसं नोंदली गेली, म्हणजे टोंगात राहतात जवळपास तेवढीच. त्यातली बहुसंख्य ऑकलंडमध्ये. म्हणून टोंगाचं घरचं मैदान व्यवहारात ऑकलंड आहे. २०१८ मध्ये टोंगा प्रथमच ऑस्ट्रेलियाशी पूर्ण कसोटी खेळला तो माउंट स्मार्टवरच, २६ हजारांपुढे. पुढच्या वर्षी ईडन पार्कवर टोंगाने ऑस्ट्रेलियाला १६-१२ असं हरवलं. एक लाख लोकसंख्येच्या देशाने जगज्जेत्याला.

सामोआचंही तसंच झालं. २०२२ च्या विश्वचषकाच्या सलामीला न्यूकासलमध्ये ४३ हजारांसमोर इंग्लंडने त्यांना ६०-६ असं चिरडलं. महिनाभराने आर्सेनलच्या मैदानावर उपांत्य सामन्यात त्याच सामोआने जादा वेळेत, स्टीफन क्राइटनच्या एका ड्रॉप गोलवर (चेंडू जमिनीवर टाकून खांबांमधून मारलेली किक), २७-२६ ने इंग्लंडला बाहेर काढलं. त्या रात्री सिडनीच्या पश्चिम भागात आणि दक्षिण ऑकलंडमध्ये सामोआचे झेंडे लावलेल्या गाड्यांच्या रांगा लागल्या. आता ब्रिस्बेनच्या ४४ हजारांचा उलगडा होतो. ब्रिस्बेनच्या उपनगरांत सामोअन आणि टोंगन घरं हजारोंनी आहेत, आणि दोघांपैकी कोण जिंकेल हे कुणीच छातीठोक सांगू शकत नव्हतं.

आता हडर्सफील्डकडे परत पाहा. लेबनॉनचा संघही असाच, सिडनीच्या लेबनीज घरांतल्या मुलांचा. पश्चिम सिडनीत पॅरामाटाला लागून हॅरिस पार्क नावाची वस्ती आहे. तिथे लेबनीज कॅथेड्रल आहे, आणि आता तोच भाग लिटल इंडिया म्हणून ओळखला जातो. सिडनीतल्या मराठी मंडळींची किराणा आणायला तिथे कायम ये-जा असते. ऑस्ट्रेलिया-लेबनॉन सामना तिथून चालत जाण्याच्या अंतरावरच्या पॅरामाटाच्या स्टेडियमवर झाला असता, तर एकतर्फी असूनही तो रंगला असता असं मला ठामपणे वाटतं. हडर्सफील्डच्या माणसाला लेबनॉन आपला वाटायचं काही कारण नव्हतं आणि ऑस्ट्रेलिया जिंकणार हे शेंबडं पोरही सांगत होतं. निकाल ४८-४ लागला.

आकडे वाचताना

गर्दीचा आकडा समोर आला की थोडं थांबावं. पहिली गोष्ट, मैदान केवढं होतं? २०१७ चा अंतिम सामना ब्रिस्बेनला ४०,०३३ प्रेक्षकांपुढे झाला. ऐकायला भरपूर, पण ५२ हजारांच्या मैदानात ते १२ हजार रिकाम्या खुर्च्या दाखवत होते. याच मैदानावर २००८ च्या अंतिम सामन्याला ५० हजारांवर होते. फरक काय? २००८ मध्ये समोर न्यूझीलंड होता, ज्याचे लाखो लोक क्वीन्सलँडच्या आसपास राहतात. २०१७ मध्ये न्यूझीलंडला फिजीने ४-२ अशा अजब गुणसंख्येवर आधीच घरी पाठवलं होतं.

त्याच स्पर्धेत पोर्ट मोर्सबीला पापुआ न्यू गिनीच्या सामन्यांना १४,८०० असा आकडा आला. ४० हजारांपुढे तो लहान दिसतो. पण मैदान तेवढंच आहे. तिथे रग्बी लीग हा राष्ट्रीय खेळ, आणि बाहेर भिंतींवर, झाडांवर, पडद्यांसमोर किती होते ते कुठल्याच आकड्यात येत नाही.

दुसरं, एका तिकिटावर किती सामने होते? २०१३ मध्ये कार्डिफला सलामीला ४५ हजार होते, पण त्या दिवशी इंग्लंड-ऑस्ट्रेलिया आणि वेल्स-इटली असे दोन सामने लागोपाठ होते. वेम्बलीवर दोन्ही उपांत्य सामने एकाच दिवशी झाले, ६७ हजारांसमोर. त्यात कोण कशासाठी आला हे वेगळं काढता येत नाही. हा प्रकार वाईट मुळीच नाही. २०२२ मध्ये महिलांचा अंतिम सामना पुरुषांच्या आधी ओल्ड ट्रॅफर्डवर खेळवला, आणि व्हीलचेअर रग्बी लीगचा अंतिम सामना मँचेस्टरमध्ये साडेचार हजार लोकांनी पाहिला. व्हीलचेअर रग्बी लीगला जगात कुठेही तेवढी गर्दी कधी झाली नव्हती. इंग्लंडने फ्रान्सला २८-२४ असं नमवलं. त्या स्पर्धेतला माझ्या दृष्टीने सगळ्यात मोठा आकडा हाच.

आणि तिसरं म्हणजे तिकीट कधी विकलं गेलं. ओल्ड ट्रॅफर्डवर २०१३ च्या अंतिम सामन्याला ७४,४६८ लोक होते. देशादेशांतल्या रग्बी लीगचा हा आजवरचा विक्रम. २०२२ ला ६७,५०२. दोन्ही वेळा इंग्लंड अंतिम फेरीत नव्हता. लोकांनी तिकिटं आधीच घेऊन ठेवली होती. मोठा सोहळा, मोठं मैदान, महिनोन्महिने आधी माहीत असलेली तारीख असली की घरचा संघ बाहेर गेला तरी माणसं येतात. पण हल किंवा हडर्सफील्डच्या मधल्या फेरीच्या सामन्याला ही उशी मिळत नाही. २०२२ मध्ये न्यूझीलंड-फिजी उपांत्यपूर्व सामना हलमध्ये ७ हजारांपुढे झाला, आणि सामना २४-१८ असा विलक्षण चुरशीचा होता. त्या मोसमात ब्रिटनमध्ये विजेची, किराण्याची बिलं आभाळाला भिडली होती, आणि तिकिटं महाग असल्याची तक्रार सर्रास होती. कामगारवस्त्यांच्या खेळाने आपल्याच माणसांना परवडणार नाही असा दर लावावा, हे मला फार खटकतं.

बावीस वर्षांनंतर ॲशेस, आणि पुढे

२०२५ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये ॲशेस परत आली, या वेळी ग्रेट ब्रिटनच्या जागी इंग्लंड. वेम्बलीवर ६० हजारांवर माणसं, लिव्हरपूलमध्ये एव्हर्टनच्या नव्याकोऱ्या मैदानावर ५२ हजारांच्या आसपास, लीड्सचं हेडिंग्ले तुडुंब. इंग्लंड तिन्ही सामने हरला आणि तिन्ही वेळा माणसं आली. त्याआधी दोन वर्षं, २०२३ मध्ये, टोंगाचा संघ इंग्लंडच्या दौऱ्यावर होता तेव्हा तीन सामने मिळून साधारण ४० हजार जमले होते. टोंगा त्या वेळी पाहण्याजोगा संघ नव्हता असं नाही. पण सेंट हेलेन्सच्या रहिवाशाला टोंगाविरुद्ध जुना हिशेब नाही, ऑस्ट्रेलियाविरुद्ध आहे. ब्रिटनने ॲशेस शेवटची जिंकली ती १९७० साली.

टोंगा-इंग्लंड सामना ऑकलंडला ३० हजार खेचतो आणि लँकेशरमध्ये त्याच्या निम्मेही नाही. संयोजकांनी यातून शिकायला हवं ते असं की, सामना कुणाचा आहे याइतकंच तो कुठे ठेवायचा हे महत्त्वाचं. २०१८ मध्ये इंग्लंड-न्यूझीलंड कसोटी अमेरिकेत डेन्व्हरला नेली. १९ हजार आले, पण मैदान ७६ हजारांचं. नवी बाजारपेठ उघडेल असा बेत होता. तो पुढे सरकला नाही, आणि अमेरिका-कॅनडाला मिळालेला २०२५ चा विश्वचषकही काढून घ्यावा लागला. मग तो फ्रान्सला दिला. फ्रान्सने २०२३ च्या मे महिन्यात पैशांअभावी माघार घेतली. शेवटी तो वर्षभर पुढे ढकलून ऑस्ट्रेलियाकडे आला. ज्या स्पर्धेचा देश आणि वर्ष असं बदलत राहतं, तिच्यासाठी रजा टाकून, विमानाचं तिकीट काढून ठेवणारा चाहता कुठून आणायचा?

एका अर्थी हा विश्वचषक योग्य ठिकाणी पोचला आहे. २०२६ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये सामने मुख्यतः ऑस्ट्रेलियात होतील आणि काही पोर्ट मोर्सबीला. म्हणजे टोंगन, सामोअन, फिजियन, लेबनीज आणि न्यूझीलंडची माणसं जिथे खरोखर राहतात, तिथे. पापुआ न्यू गिनीचा संघ २०२८ पासून एनआरएलमध्येही उतरणार आहे. त्यासाठी ऑस्ट्रेलियाच्या सरकारने दहा वर्षांसाठी ६० कोटी ऑस्ट्रेलियन डॉलर देऊ केले आहेत. त्यामागे पॅसिफिकमधलं राजकारण आहे, चीनचा वाढता वावर आहे, हे उघड आहे. पण पोर्ट मोर्सबीतल्या पोराला त्याचं काय! त्याला दर पंधरवड्याला आपल्या शहरात, आपल्या माणसांना, जगातल्या उत्तम खेळाडूंशी झुंजताना पाहायला मिळणार आहे. १५ हजारांचं ते मैदान त्यांना पुरणार नाही, एवढं नक्की.